भरवसा देवावर, हिशेब वहीत : ख्रिस्ती कुटुंबासाठी निवृत्तीचं नियोजन

२ राजे, चौथा अध्याय. एक विधवा अलीशापुढे रडते आहे. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, परमेश्वराचं भय धरून वागणारा. तो गेला, मागे कर्ज राहिलं, आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना दास म्हणून न्यायला आला आहे. अलीशा विचारतो, घरात काय आहे? पुढे तेलाचा चमत्कार होतो आणि प्रवचनात आपण बहुतेक वेळा तिथेच थांबतो. पण सगळी भांडी भरल्यावर अलीशा तिला काय सांगतो तेही पाहा : तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं उदरनिर्वाह करा.

त्या माणसाच्या भक्तीत उणं काही नव्हतं, तरी त्याचं घर उघड्यावर पडलं. आपल्या मंडळ्यांतही असं होतं. आयुष्यभर मिशनच्या शाळेत शिकवलेले गुरुजी, ट्रस्टच्या दवाखान्यात रात्रपाळ्या केलेल्या सिस्टर, खेडोपाडी सायकलवर फिरलेले पाळक. निवृत्तीच्या दिवशी हातात शाल आणि श्रीफळ, आणि पुढच्या महिन्याचा प्रश्न तसाच. "देव पाहून घेईल" हे खरंच आहे, पण हे वाक्य आळसाला झाकायला वापरायचं नसतं. उद्याची चिंता करू नका असं सांगणाऱ्या प्रभूनेच लूक १४ मध्ये विचारलं की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज कोण घेत नाही? आणि पौलाने तीमथ्याला लिहिलं की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. यापेक्षा कडक शब्द सापडायचे नाहीत.

घरात काय आहे?

सुरुवात अलीशाच्या प्रश्नापासून करू. एखाद्या रविवारी उपासनेनंतर, जेवणं आटोपल्यावर नवरा-बायको दोघांनी बसायचं. एकट्याने नको. कित्येक घरांत बाईला नवऱ्याचा पीएफ किती हे ठाऊक नसतं आणि नवऱ्याला बायकोची भिशी ठाऊक नसते.

वहीत चार पानं करा : येतं किती, जातं किती, आपलं काय, देणं कोणाचं. "आपलं काय" या पानावर पीएफचं पासबुक (जुन्या नोकरीतला पीएफ नव्या खात्यात वर्ग झाला का, तेही बघा), पीपीएफ, पोस्ट, एलआयसीच्या पॉलिसी, बँकेतल्या आणि पतसंस्थेतल्या ठेवी, सोनं आणि गावची जमीन येते. जमिनीचा सातबारा काढून पाहा. आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर वारसनोंद आजच करून घ्या. चुलत्या-पुतण्यांत बोलणं आहे तोवर ते काम सोपं असतं.

घराचा प्रश्न आपल्या समाजात वेगळा आहे. मिशन कंपाऊंडमधलं क्वार्टर किंवा पार्सोनेज (पाळकाला मंडळीने दिलेलं घर) यांत तीस वर्षं राहिलं तरी ते आपलं होत नाही. मुलं तिथेच वाढलेली असतात, अंगणातलं आंब्याचं झाड आपण लावलेलं असतं, आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांत खोल्या रिकाम्या करायचं पत्र येतं. पन्नाशी उलटल्यावर घर घ्यायला निघालं की बँक कर्जाची मुदत कमी देते आणि हप्ता झेपत नाही. म्हणून क्वार्टरमध्ये राहणाऱ्याने पहिल्या पगारापासून असं समजावं की आपण भाडं भरतो आहोत, आणि ते भाडं दरमहा वेगळ्या खात्यात टाकावं. पंधरा-वीस वर्षांनी गावाकडे किंवा तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांची सोय त्यातून होऊ शकते.

"जातं किती" या पानावर वार्षिक खर्च हमखास सुटतात : नाताळ, शाळेची फी, लग्नातले आहेर, विम्याचे हप्ते, गावची फेरी. त्यांची बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढे पैसे दरमहा बाजूला काढा. नाताळचे कपडे, फराळ आणि पाहुणे यांच्यासाठी जानेवारीत छोटी आवर्ती ठेव सुरू केली की डिसेंबरात कार्ड घासावं लागत नाही.

देवाचा वाटा

दशांश बाजूला काढायचा तो पगार आला त्याच दिवशी. महिनाअखेर उरेल त्यातून द्यायचं ठरवलं तर काहीच उरत नाही. एकूण पगारावर की हातात येणाऱ्या रकमेवर, हा वाद जुना आहे. माझं मत असं की हातात येणाऱ्या रकमेवर नियमाने द्यावं. मात्र मग पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या पैशावर आपण अजून दिलेलं नाही हे लक्षात ठेवावं, आणि ते हाती आल्यावर काय द्यायचं ते पती-पत्नीने प्रार्थनापूर्वक ठरवावं. तेही पहिल्याच महिन्यात नको. एकरकमी पैसा आलेल्या माणसाकडे मागणारे फार येतात.

ज्याच्या डोक्यावर कार्डाची थकबाकी आहे त्याने काय करावं? २ करिंथ ८:१२ सांगतं की दान जवळ असेल त्या मानाने स्वीकारलं जातं, जवळ नसेल त्या मानाने नाही. उसने काढून दान देऊ नये. थोडं द्या, नियमाने द्या, आणि कर्ज फिटेल तसं वाढवत न्या.

दोन गोष्टी मी अगदी स्पष्ट सांगेन. पहिली, आईवडिलांच्या औषधाचे पैसे मंडळीला देऊन पुण्य मिळत नाही. मार्क ७ मध्ये "कुर्बान" (हे देवाला वाहिलेलं आहे) म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने काय सुनावलं ते वाचा. दुसरी, "पाच हजारांचं बी पेरा, पन्नास हजारांचं पीक घ्या" असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यापासून लांब राहा. दानाला परताव्याची योजना बनवणं हा सुवार्तेचा अपमान आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त भरडली जाते ती आजारी माणसाच्या घरची बाई.

करसवलतीबद्दल थोडक्यात : एका विशिष्ट धर्मसमाजासाठीच चालणाऱ्या संस्थेला दिलेल्या देणगीवर सहसा करसवलत नसते, त्यामुळे मंडळीतला दशांश सवलतीत धरू नका. अनाथाश्रम किंवा दवाखाना चालवणाऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला ती असू शकते. मात्र २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर मिळतच नाही.

कर्ज आणि जामीन

ऋणको धनकोचा दास होतो, हे नीतिसूत्रे २२:७ मधलं वचन सगळ्यांना पाठ असतं. फेडीचा क्रम व्याजदराने ठरवा. क्रेडिट कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत जातं, त्यामुळे ते आधी. मग हातउसने आणि वैयक्तिक कर्ज, मग सोनेतारण आणि शेवटी घरकर्ज. घरकर्जाचा शेवटचा हप्ता निवृत्तीच्या आधी संपला पाहिजे. बोनस आला की त्यातला काही भाग मुद्दलात भरा.

पण नोकरदारांची घरं मी कर्जापेक्षा जामिनाने जास्त मोडलेली पाहिली आहेत. पगारदारांच्या पतसंस्थेत कर्ज हवं तर दोन जामीनदार लागतात. मंडळीतला भाऊ फॉर्म घेऊन दारात उभा राहतो, नाही म्हणायला जीभ रेटत नाही, सही होते. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने हप्ते थकवले की संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि जामीनदाराच्या पगारातूनही कपात सुरू होऊ शकते. "मी फक्त सही केली होती" या वाक्याला तिथे किंमत नाही. नीतिसूत्रे सहाव्या अध्यायाचा सल्ला ऐका : शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर झोपू नकोस, जा आणि स्वतःला सोडवून घे. चालू जामिनांची यादी "देणं" या पानावर लिहा. नवा जामीन मागायला कोणी आलं तर, बुडाले तरी चालतील एवढे पैसे सरळ मदत म्हणून द्या. सही देऊ नका.

हाच सावधपणा मंडळीतल्या ओळखीवर आलेल्या "गुंतवणुकी"बाबतही हवा. महिन्याला चार-पाच टक्के देणारी स्कीम, साखळीने माणसं जोडायचा धंदा, नोंदणी नसलेली भिशी. सांगणारा प्रार्थनासभेत शेजारी बसतो म्हणून योजना खरी ठरत नाही. सेबी किंवा रिझर्व्ह बँकेच्या यादीत नाव आहे का एवढं विचारा. त्याला राग आला तर उत्तर मिळालं असं समजा.

अडीअडचणीची शिल्लक आणि विमा

सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बचत खात्यात आणि छोट्या मुदत ठेवींत हवी. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. सहकारी बँकेलाही ते आहे, पतसंस्थेला नाही. वसईच्या कॅथलिकांनी १९१८ मध्येच आपली सहकारी बँक उभी केली, आणि तशी परंपरा असलेल्या संस्थांचा अभिमान जरूर बाळगावा. तरीही सगळी पुंजी एकाच ठिकाणी नको. उपदेशक ११:२ मध्ये वाटे सात जणांत, आठ जणांत करायला सांगितलं आहे.

कमावता माणूस गेला तर घर चालावं म्हणून साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, वार्षिक उत्पन्नाच्या १० ते १५ पट. पैसे परत मिळणाऱ्या पॉलिसीच्या मोहात पडलं की संरक्षण अपुरं पडतं. ज्यांना तेवढा हप्ता झेपत नाही त्यांनी बँक खात्यातून निदान प्रधानमंत्री जीवनज्योती (वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं संरक्षण, वय १८ ते ५०) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, अपघातासाठी २ लाख) तरी घ्यावा. आरोग्य विमा पंचेचाळिशीच्या आत घेतलेला बरा. मिशनच्या दवाखान्यात सवलत मिळते यावर विसंबू नका, मोठ्या ऑपरेशनला शेवटी शहर गाठावं लागतं. घरात सत्तरी ओलांडलेले असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात.

पाचवा हिस्सा

उत्पत्ती ४१ मध्ये योसेफ फारोला सांगतो की सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवावा. आजच्या पगारदारालाही हे प्रमाण लागू पडतं : दशांश देवाला, दोन दशांश उद्याला, बाकी सात घराला.

आकडे घेऊन पाहू. पुण्यातलं एक जोडपं समजा, दोघंही ३८ वर्षांचे. तो खासगी कंपनीत, ती ट्रस्टच्या दवाखान्यात स्टाफ नर्स. घर स्वतःचं आहे. पीएफ कापून दोघांच्या हातात मिळून ६२,००० येतात. त्यातले ६,२०० दान, १२,४०० बचत आणि ४३,४०० घरखर्च. निवृत्तीनंतर, मुलांचं शिक्षण संपल्यावर, आजच्या भावाने त्यांना महिना ३०,००० लागतील असं धरू. महागाई ६ टक्के धरली तर २२ वर्षांनी त्याच जगण्याला महिना साधारण १,०८,००० लागतील, म्हणजे वर्षाला १३ लाखांच्या आसपास. उरलेल्या पैशावर महागाईइतकं व्याज सुटत राहिलं तर वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम साठीपासून पंचाऐंशीपर्यंत पुरते. म्हणजे सव्वातीन कोटी.

आकडा पाहून छाती दडपते, पण पुढचं वाचा. दोघांचा मूळ पगार प्रत्येकी २५,००० असेल तर प्रत्येकाच्या पीएफमध्ये दरमहा स्वतःचे ३,००० आणि कंपनीचे १,७५० जमतात (कंपनीचे उरलेले १,२५० ईपीएस या पेन्शन योजनेत जातात). पगार वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला आणि व्याज ८ टक्के राहिलं तर दोघांचे मिळून एक कोटीच्या वर होतात. आधीचे ६ लाख जमा असतील तर तेही वाढून तीसेक लाख होतात. बचतीचे १२,४०० दरवर्षी पगाराबरोबर वाढवत शेअर बाजाराशी जोडलेल्या म्युच्युअल फंडात एसआयपीने (दरमहा ठरलेल्या हप्त्याने) गेले आणि सरासरी १० टक्के मिळाले, तर ते १ कोटी ६९ लाखांपर्यंत जातात. दोघांची ईपीएस पेन्शन महिना बाराएक हजार. सगळं जोडलं की सव्वातीन कोटींचा पल्ला जवळजवळ गाठला जातो, तोही एकदाही दशांश न चुकवता. १० टक्के हा अंदाज आहे, हमी नव्हे. म्हणून दरवर्षी हिशेब पुन्हा मांडायचा.

यात एकच मोठी पथ्याची गोष्ट आहे : नोकरी बदलताना पीएफ काढून खायचा नाही. ईपीएस पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते आणि पेन्शन ठरते ती पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, अशी. पैसे काढले की वर्षं तुटतात.

अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनी नेमणुकीची तारीख पाहावी. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, नंतरच्यांना ती सहसा नाही, त्यांनी स्वतःचा साठाही वाढवावा.

कुठे ठेवायचं

दहा वर्षांपेक्षा दूरचा पैसा इंडेक्स फंडासारख्या (बाजार निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसा लावणाऱ्या) साध्या, कमी खर्चाच्या फंडात. दारू-तंबाखूच्या कंपन्यांत पैसा नको असं वाटत असेल तर तो आपल्या विवेकाचा प्रश्न आहे. मग फंडाच्या यादीतल्या कंपन्या तपासून घ्या किंवा पीपीएफ आणि एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजना) सरकारी रोख्यांकडे वळा. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात आणि मुदत १५ वर्षं. निवृत्तीला पाच वर्षं राहिली की बाजारातला पैसा टप्प्याटप्प्याने सुरक्षित ठिकाणी आणा. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० व्याज येतं, म्हणजे महिना २०,५००. मात्र सगळंच्या सगळं अशा ठेवींत टाकू नका, व्याज तेवढंच राहतं आणि किराणा महाग होत जातो.

पाळक आणि पूर्णवेळ सेवक

पीएफचा कायदा २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. छोट्या स्वतंत्र मंडळीचा पाळक त्यात बसत नाही. ३० वर्षांच्या पाळकाने अटल पेन्शन योजनेत महिना ५७७ रुपये भरले तर साठीनंतर महिना ५,००० पेन्शन मिळते, आणि त्याच्यानंतर तेवढीच त्याच्या पत्नीला. (वयाची मर्यादा ४०, आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना २०२२ पासून प्रवेश नाही.) पण ३० वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे ६ टक्के महागाईने आजचे ९०० रुपयेही नाहीत. म्हणून सोबत पीपीएफ किंवा एनपीएस हवंच. यात खरा दोष पाळकाचा नसतो. मंडळीच्या कमिटीने वार्षिक अंदाजपत्रकात पाळकाचा निवृत्तिनिधी, आरोग्य विमा आणि टर्म विमा हे तीन खर्च छपराच्या दुरुस्तीच्या वर लिहावेत. संदेष्ट्याची विधवा दारात उभी राहीपर्यंत थांबू नये.

पुरे कधी म्हणायचं

लूक १२ मधल्या श्रीमंताने पीक साठवलं म्हणून त्याला मूर्ख म्हटलेलं नाही. कोठारं पाडून मोठी बांधताना देव आणि शेजारी दोन्ही त्याच्या हिशेबात नव्हते. म्हणून वर काढला तसा एक आकडा लिहून ठेवा आणि तो गाठल्यावर वाढीव पैसा देण्याकडे वळवा : भाचीची नर्सिंगची फी, गावच्या मंडळीची बोअरवेल. निवृत्तीची सरळ चर्चा पवित्र शास्त्रात एकाच ठिकाणी सापडते, गणना ८ मध्ये. लेवी पन्नासाव्या वर्षी कष्टाच्या सेवेतून मोकळा होई, पण भावांना मदत करत राही. साठीनंतर आठवड्याचे दोन दिवस कशाला द्यायचे हे आधीच ठरवून ठेवा. पेन्शन असूनही घरात खंगणारी माणसं मी पाहिली आहेत.

मृत्युपत्र

ख्रिस्ती माणसाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी समान. गोव्यात वेगळा कायदा आहे, तिथे निम्मी मालमत्ता वारसांसाठी राखीवच असते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा. पीएफचं लग्नापूर्वीचं नामनिर्देशन लग्नानंतर बाद होतं, ते नव्याने भरा.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचं आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको, नाहीतर त्याला दिलेला भाग बाद होतो. आपल्यासाठी आणखी एक मोलाचा नियम : लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. विधुराने दुसरं लग्न केलं की पहिल्या पत्नीच्या मुलांसाठी लिहिलेला कागद संपला, नवा लिहायलाच हवा. मंडळीला किंवा धर्मादाय कामाला मृत्युपत्राने देण्यावर कलम ११८ ची जाचक अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम खटल्यात घटनाबाह्य ठरवली. आता तो मार्ग मोकळा आहे.

आणि आई. पत्नी आणि मुलं असताना माणूस मृत्युपत्राविना गेला तर या कायद्याने त्याच्या आईला काहीच मिळत नाही. वधस्तंभावरून येशूने आईला योहानाच्या हवाली केलं. तुमची आई तुमच्यावर अवलंबून असेल तर तिच्या नावे रक्कम किंवा राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहा, पत्नीला आणि थोरल्या मुलाला तो वाचून दाखवा, आणि कागद कुठल्या कपाटात आहे हे तिघांनाही सांगून ठेवा.